पाटीवर नसलेले थांबे
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं, "लिनक्सच्या इन्स्टॉलरचे कागदोपत्री नसलेले बूट ऑप्शन." पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हळूच प्रश्न आला, "जेवणाआधी ठेवू की जेवणानंतर?" जेवणाआधीच ठेवलंय, म्हणून तुम्ही सगळे अजून जागे आहात. विषय वाटतो तेवढा रुक्ष नाही. कुडपणच्या एका खोलीत नऊ लॅपटॉप चालू झाले ते याच्याच जोरावर, आणि ती हकिगत सांगायला मी उभी आहे.

समजायला आपली एस.टी. घ्या. पाटीवर गावाचं नाव असतं, वेळापत्रकात अधिकृत थांबे असतात. पण रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला ठाऊक असतं की गाडी वडाखालीही थांबते, ओढ्याच्या साकवापाशीही थांबते. फक्त कंडक्टरला आधी सांगून ठेवावं लागतं. हे थांबे कुठे लिहिलेले नसतात, म्हणून ते चोरून ठेवलेले असतात असं नाही. कुणी लिहिलेले नाहीत, एवढंच.

संगणकाचंही तसंच आहे. लिनक्स बसवायचं तर पेन ड्राइव्ह लावून यंत्र चालू करायचं. पडद्यावर छोटा मेनू येतो. तिथे एखादी कळ दाबली की एक ओळ उघडते आणि त्या ओळीत शब्द लिहिता येतात. गाडी सुटण्याआधी कंडक्टरच्या कानात सांगावं तसे हे शब्द. 'नोमोडसेट' लिहिलं तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पडद्याच्या चिपशी खटपट करत बसत नाही, साध्या पद्धतीने चित्र दाखवतो. 'एसीपीआय=ऑफ' लिहिलं तर वीजव्यवस्थापनाचा तो सगळा भागच बाजूला ठेवतो. हे झाले बूट ऑप्शन. काही मेनूत दिलेले असतात, काही पुस्तकात असतात आणि काही कुठेच नसतात, फक्त प्रोग्राममध्ये असतात.

आता कुडपण. २०१४ ची दिवाळीची सुट्टी. आपल्याच बॅचच्या एकाने मुंबईतून एका कार्यालयाने मोडीत काढलेले नऊ लॅपटॉप मिळवले आणि एस.टी.तून, कपड्यांत गुंडाळून, वर आणले. मी माहेरपणाला आलेली. वाडीत एक खोली मिळाली होती, पण ती दुसऱ्या कामालाही हवी होती. सुट्टी संपायच्या आत यंत्रं चालली तर खोली मुलांची, नाही तर लॅपटॉप महाडच्या भंगारात. माझ्याकडे तीन दिवस होते. नऊपैकी एकाचीही बॅटरी धड नव्हती. वीज गेली की सगळी यंत्रं एकदम डोळे मिटायची. आणि फोनला रेंज हवी तर टेकाडावर चढून जायचं, तिथेही बोलणं होईल एवढीच. गूगलवर शोधून उत्तर काढायची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं. खाली जे हाताशी होतं ते इतकंच: माझा स्वतःचा लॅपटॉप, एकच पेन ड्राइव्ह आणि त्यावर लुबुंटू १४.०४. जुन्या यंत्रांना झेपावं म्हणून हलकं केलेलं हे उबुंटू होतं, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आलेलं.

पहिले पाच तसे सोपे गेले. त्यातल्या चारांवर पडदा काळा यायचा. उबुंटूच्या त्या काळच्या मेनूत एफ-६ दाबलं की 'इतर पर्याय' म्हणून यादी यायची, तिच्यात 'नोमोडसेट' होतंच. निवडलं, पडदा आला. हा पाटीवरचा थांबा. यात माझी काही हुशारी नाही.

पुढच्या दोघांनी खरी गंमत केली. त्यांच्यात पेंटियम एम हा प्रोसेसर होता. उबुंटूच्या कर्नलला प्रोसेसरमध्ये पीएई नावाची सोय लागते. तिच्यामुळे ३२ बिटी यंत्र चार जीबीपलीकडची मेमरी वापरू शकतं. पेंटियम एमच्या बऱ्याच यंत्रांत ही सोय असते, पण प्रोसेसर "माझ्याकडे आहे" असं सांगत नाही. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी मुलं असतात ना, तसं. आधीच्या आवृत्त्या अशा यंत्राला सरळ दारातूनच परत पाठवायच्या: तुमच्या प्रोसेसरला जुळणारा कर्नल आणा. १४.०४ मध्ये मात्र पडद्यावर एक इशारा आला की पीएई बंद आहे, स्वतःच्या जबाबदारीवर चालू करायची तर 'फोर्सपीएई' लिहा.

म्हणजे इथे प्रोग्रामने स्वतःच शब्द सांगितला, आणि तोही नेमक्या अडलेल्या जागी. अशी सभ्यता प्रोग्राममध्ये क्वचित दिसते. पण अर्धीच गोष्ट सांगितली. उबुंटूच्या त्या ओळीच्या शेवटी दोन आडव्या रेघा असायच्या. रेघांच्या आधी लिहिलेले शब्द फक्त इन्स्टॉलरपुरते, रेघांच्या नंतर लिहिलेले शब्द बसवलेल्या लिनक्सलाही कायमचे लागू होतात. म्हणून 'फोर्सपीएई' दोन्हीकडे लिहावं लागतं. एकीकडेच लिहिलं तर तासभर सगळं नीट बसतं, पुन्हा चालू केलं की यंत्र पुन्हा तोच नकार देतं. या रेघांचा अर्थ त्या पडद्यावर कुठेही दिलेला नव्हता. मला तो माहीत होता, कारण मी आधी डेबियन वापरत होते आणि डेबियनच्या मार्गदर्शिकेत तो दिलेला आहे. उबुंटू हे डेबियनच्या घरातलंच. त्यामुळे आजोळची रीत इथे चालली.

आठवा लॅपटॉप आणि नववा लॅपटॉप. आठव्याची हार्ड डिस्क मेलेली होती, पण मेमरी चांगली दोन जीबी. नववा धडधाकट, पण तोवर दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली होती आणि विजेचा खेळ सुरू होता. एकच पेन ड्राइव्ह, तो एका यंत्रात अडकला की बाकीची कामं थांबलेली. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, लिनक्स पेन ड्राइव्हवरून पूर्ण मेमरीत उतरावं, म्हणजे पेन ड्राइव्ह काढून दुसरीकडे नेता येईल. दोन, डिस्क नसलेल्या यंत्रावर मुलांनी काढलेली चित्रं, लिहिलेला मजकूर बंद केल्यावर पुसला जाऊ नये. असं काही करता येतं हे ऐकून माहीत होतं. पण शब्द नेमका कोणता? एफ-१ पासूनची सगळी मदत वाचली. नव्हता.

त्या वेळी आपले सर खोलीत आले. इतिहास शिकवणारे. ते आज पुढच्या रांगेत बसलेत, म्हणून जपून सांगते. सर म्हणाले, "अगं, ज्याने हे बनवलं त्याने कुठेतरी लिहिलं असेलच की." मी म्हटलं, "सर, लिहिलेलं आहे, पण पुस्तकात नाही, त्याच्या पोटात."

आता हे पोट म्हणजे काय ते सांगते, कारण आजच्या भाषणातली खरी गोष्ट ही आहे. कर्नल सुरू होतो तेव्हा त्याला अजून डिस्कही दिसत नसते आणि पेन ड्राइव्हही दिसत नसतो. म्हणून त्याच्यासोबत एक छोटी शिदोरी बांधून दिलेली असते. तिला इनिटआरडी म्हणतात. सुरुवातीला लागणारी हत्यारं आणि काय करायचं त्याच्या सूचना, सगळं त्या शिदोरीत. दाबून बांधलेली एकच फाइल दिसते, पण सोडली की आत साध्या अक्षरांतल्या, वाचता येण्याजोग्या फाइली निघतात. लुबुंटूमध्ये ही फाइल कॅस्पर नावाच्या फोल्डरमध्ये होती. मी ती माझ्या लॅपटॉपवर घेतली, आधी दाब काढला, मग सीपीआयओ या हत्याराने गाठोडं सोडलं.

मग शोधायचं काय? कर्नलला दिलेली ती ओळ लिनक्स एका ठरलेल्या जागी ठेवतो: प्रॉक या फोल्डरमधली सीएमडीलाइन नावाची फाइल. ज्या कुणाला ती ओळ वाचायची असेल त्याला या फाइलीकडे यावंच लागतं. म्हणून गाठोड्यातल्या सगळ्या फाइलींत 'सीएमडीलाइन' हा शब्द शोधायचा. ग्रेप नावाची आज्ञा दोन-चार सेकंदांत सांगते, कुठे कुठे आहे. जिथे आहे तिथे पुढच्या ओळी वाचायच्या. या युक्तीला विद्वत्ता लागत नाही. पाणवठ्यावर बसून राहिलं की गावातलं कोण कोण पाण्याला येतं ते कळतं, तितकीच ही गोष्ट.

सर शेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर जे दिसत होतं त्याचा अर्थ मी सांगत गेले: ओळीतला एकेक शब्द घे, तो हा असेल तर असं कर, तो असेल तर तसं कर. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे हा हजेरीपट आहे." अगदी बरोबर. एकेक नाव पुकारायचं, पटावर असेल तर 'हजर' आणि पुढचं काम. मग सरांनी विचारलं, "आणि पटावर नसलेलं पोरगं वर्गात येऊन बसलं तर?" तर काही नाही. कुणी हटकत नाही. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण इतका नेमका प्रश्न मुलाखतीला आलेल्या इंजिनिअरांनी मला क्वचित विचारलाय. कारण इथेच लोक फसतात. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तरी कुठलीही तक्रार येत नाही, शब्द गुपचूप सोडून दिला जातो आणि आपण समजतो ऑप्शन निकामी आहे.

त्या हजेरीपटावर आम्हाला हवे ते दोन शब्द होते. 'टोरॅम': सगळं मेमरीत उतरव. आणि 'पर्सिस्टंट': 'कॅस्पर-आरडब्ल्यू' असं नाव दिलेलं पार्टिशन किंवा फाइल शोध आणि वापरणाऱ्याचे बदल तिच्यात साठव. तिसरा एक आयता मिळाला, 'नोप्रॉम्प्ट'. तो दिला की शेवटी "सीडी काढा आणि एंटर दाबा" असं म्हणत यंत्र थांबून राहत नाही. काटेकोर बोलायचं तर या शब्दांचं एक मदतपान आहे. पण ते लिनक्स चालू झाल्यावर आतून वाचायचं, म्हणजे दाराची किल्ली दाराच्या आत टांगलेली. बाहेर उभ्या असलेल्याला ते नसल्यासारखंच.

नवव्या यंत्रात 'टोरॅम' लिहिलं. पाच-सात मिनिटं पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहिला, मग थांबला. पेन ड्राइव्ह काढला. यंत्र चालूच! खोलीत मुलं होती, त्यांना यात एवढं काय विशेष ते कळलं नाही. सरांना कळलं. दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून एकाने नवा पेन ड्राइव्ह आणून दिला, तो आठव्या लॅपटॉपचा कायमचा झाला. डिस्क नसलेला तो लॅपटॉप पुढे सगळ्यात जास्त वापरला गेला.

शिदोरी सोडून बघायची ही पद्धत एका लुबुंटूपुरती नाही. जे इन्स्टॉलर अडलेत त्या प्रत्येकाचं पोट थोडं वेगळं असतं, पण उघडता येतं. डेबियनचं सांगते. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये प्रत्येक प्रश्नाला, म्हणजे भाषा कोणती, नेटवर्क कोणतं, डिस्कचं काय करायचं, एकेक नाव असतं आणि ते प्रश्न टेम्प्लेट नावाच्या फाइलींत लिहिलेले असतात. बूटच्या ओळीत त्या प्रश्नाचं नाव आणि उत्तर लिहिलं की तो प्रश्न विचारलाच जात नाही. मार्गदर्शिकेत नमुना म्हणून काही प्रश्न दिलेत. बाकीचे टेम्प्लेटमध्ये आहेत, ज्याने वाचले त्याला मिळाले. एका वेळी पन्नास यंत्रं बसवणारे लोक यावरच जगतात. आणि ओळखीचा नसलेला शब्द आला तर कर्नल तो सुरुवातीच्या प्रोग्रामकडे पुढे पाठवून देतो, म्हणून तर इन्स्टॉलरला तो वाचता येतो. मात्र यालाही हद्द आहे. डेबियनची मार्गदर्शिका बजावते की कर्नल असे जास्तीत जास्त ३२ ऑप्शन घेतो, त्याहून जास्त झाले तर कोसळतो. कंडक्टरला किती थांबे सांगायचे यालाही काही सुमार हवा!

मराठीचंही याच ओघात सांगते, कारण मला हे नेहमी विचारतात. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, आपल्याच लोकांनी बसून केलेलं भाषांतर आहे. पण तुम्ही साधा, नुसत्या अक्षरांचा इन्स्टॉलर निवडला तर भाषांच्या यादीत मराठी दिसणारच नाही. लोक म्हणतात, काढून टाकली. काढलेली नाही. त्या काळ्या पडद्याला आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट मांडता येत नाहीत, म्हणून मराठी, हिंदी, बंगाली या भाषा फक्त चित्रमय इन्स्टॉलरमध्ये ठेवल्यात. मेनूत 'ग्राफिकल' निवडा, मराठी हजर.

आपल्या जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट इथे आठवते. २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये फेडोरावर आधारलेलं लिनक्स होतं. त्याच्या पडद्याशेजारी खेळासाठी चार बटणं होती. यंत्र चालू करताना त्यातलं बरोबरच्या खुणेचं बटण धरून ठेवलं की एरवी झाकलेला सुरुवातीचा सगळा मजकूर पडद्यावर दिसायचा. चारही बटणं एकदम धरली की पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली बसायची. हे योजनेच्या कागदांत होतं, बटणांवर मात्र नव्हतं. लहान मुलाच्या हातात खेळण्यासारखं यंत्र देऊन त्याच बटणांत दुरुस्तीची वाट ठेवणं, ही मला फार आवडलेली रचना आहे.

आता दुसरी बाजू. न लिहिलेल्या थांब्याचा भरवसा नसतो. ड्रायव्हर बदलला की गाडी साकवापाशी थांबेलच असं नाही. उबुंटूच्या त्या दोन रेघांच्या पुढे तीन झाल्या. रेड हॅटच्या इन्स्टॉलरने आपल्या सगळ्या शब्दांना 'इन्स्ट' हा उपसर्ग सक्तीचा केला आणि नवव्या आवृत्तीपासून उपसर्गाशिवायचे जुने शब्द चालेनासे झाले. २०२० च्या उबुंटूने तर चालू होताना आधी पूर्ण पेन ड्राइव्ह तपासायला सुरुवात केली. जुन्या, मंद पेन ड्राइव्हवर त्यात एक चहा होतो. तिथे 'एफएससीके.मोड=स्किप' लिहिलं की तपासणी टळते. पेन ड्राइव्ह नव्याने भरला असेल तर मात्र तपासणी होऊ द्यावी, असं माझं मत आहे. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे, उबुंटूने २०१९ च्या १९.१० पासून ३२ बिटी यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं, डेबियनच्या तेराव्या आवृत्तीतही तो उरला नाही. म्हणजे कुडपणच्या पेंटियम एमवाल्या दोघांसाठी नवीन काही येणार नाही. 'फोर्सपीएई' हा शब्द आता जवळजवळ वाडवडिलांचा म्हणायचा.

म्हणून आम्ही एक केलं. खोलीच्या कपाटात दोनशे पानी वही ठेवली. प्रत्येक लॅपटॉपचं एक पान: मॉडेल, मेमरी, कोणतं लिनक्स, कोणता शब्द, रेघांच्या आधी की नंतर, आणि चालला की नाही. शब्द इंग्रजीत, बाकी मराठीत. लिहिल्यावर सीएमडीलाइन फाइल उघडून शब्द खरंच पोचला का ते बघायचं आणि मगच 'चालला' लिहायचं, हा नियम सरांनी घातला. पहिली काही पानं माझ्या अक्षरात आहेत. पुढची माझी नाहीत. गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा एका पानावर मला माहीत नसलेला ऑप्शन होता, वायफायच्या चिपबद्दलचा, खाली नववीतल्या मुलीचं नाव आणि तारीख. तिला विचारलं, कुठे मिळाला? म्हणाली, "मॉड्यूलला विचारलं." मॉडइन्फो नावाची आज्ञा आहे, ती त्या त्या ड्रायव्हरला कोणते शब्द कळतात ते सांगते. तिने एकेक करून बघितले होते, न चाललेले चारही लिहून ठेवले होते. न चाललेले लिहिणारा माणूस मला आमच्या ऑफिसातही शोधावा लागतो.

जाता जाता एक काम सांगते, कारण एवढे सगळे एका जागी पुन्हा कधी भेटतील कोण जाणे. खोलीतले नऊपैकी पाच लॅपटॉप अजून चालतात. तुमच्याकडे, तुमच्या ऑफिसात जुने पडले असतील तर द्या, पण ६४ बिटी असू द्या, आणि चार्जर विसरू नका. मागच्या वेळी चार चार्जर मागाहून विकत घ्यावे लागले. बॅटरी गेलेली असली तरी चालेल. पेन ड्राइव्ह दोन तरी द्या. देण्याआधी आपले फोटो आणि पासवर्ड पुसून टाका. मॉडेलचं नाव कागदावर लिहून चिकटवा, म्हणजे वहीत पान आधीच तयार ठेवता येईल. नोंद घ्यायला मी जेवणाच्या मंडपात, पाण्याच्या पिंपाशेजारी उभी असेन.